सर, गाडी तीन उड्या मारतेय!

मुलांनो, गृहपाठ न करता शाळेत येणारा मुलगा तुम्ही पाहिला असेल. कदाचित तो तुमच्या शेजारीच बसत असेल. कदाचित तो तुम्हीच असाल! (हसू नका, मला सगळं ठाऊक असतं.) पण गृहपाठ न करणारा शिक्षक कधी पाहिलाय का? नाही ना? मग आज पाहून घ्या. तो मीच.

मी भोर तालुक्यातल्या एका लहानशा गावात प्राथमिक शाळेत शिकवतो. चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे. माझं घर शाळेपासून चौदा किलोमीटरवर. रोज सकाळी मी आणि दुसरीत शिकणारा माझा मुलगा, असे दोघं मोटारसायकलवरून शाळेत जातो. ही मोटारसायकल माझ्या बाबांची, १९८९ सालची. २०१० साली मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी तिची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हिला नीट सांभाळ, म्हणजे ती तुला सांभाळेल." मी मान डोलावली. मान डोलावणं फार सोपं असतं, नाही का?

तर झालं असं. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, एका सोमवारी शाळा सुटल्यावर मी गाडी स्टँडवरून काढत होतो. तेवढ्यात माझ्या वर्गातला एक मुलगा जवळ आला. हा मुलगा तसा अबोल. गणिताच्या तासाला तर खिडकीबाहेरच बघत बसायचा. त्यानं खाली वाकून मागच्या चाकाशी बघितलं, बोट लावलं आणि मला दाखवलं. बोटाला काळं तेल लागलं होतं.

"सर, तुमचा शॉकअप गळतोय."

मग त्यानं दोन्ही हातांनी गाडीची सीट जोरात खाली दाबली आणि सोडली. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली...

"एक... दोन... तीन... बघा सर, तीन उड्या मारतेय! एकदा वर येऊन गप्प बसायला पाहिजे."

मला घाई होती. शिवाय त्याच दिवशी त्यानं भागाकाराची पाचही गणितं कोरी ठेवली होती. मी म्हटलं, "अरे, तू आधी पाढे पाठ कर. गाडीचं मी बघतो."

तो काही बोलला नाही. बोट चड्डीला पुसलं आणि निघून गेला.

मी गाडीचं काय बघितलं? काहीच नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी संध्याकाळी आम्ही बापलेक घरी निघालो. वाटेत एका मोरीजवळ वळण आहे. पावसानं तिथला रस्ता उखडून खडी वर आली होती. वेग काही जास्त नव्हता. मी वळताना ब्रेक दाबला आणि त्याच वेळी मागचं चाक एका खड्ड्यातून टणकन वर उडालं. उडालेलं चाक पुन्हा खडीवर टेकलं ते घसरतच. गाडी आडवी, आम्ही दोघं रस्त्यावर!

डोक्यावर दोघांच्याही हेल्मेट होती, म्हणून थोडक्यात निभावलं. माझा गुडघा फुटला आणि मुलाचं कोपर सोलवटलं. तो रडला नाही. धूळ झटकत त्यानं फक्त एवढंच विचारलं, "बाबा, गाडीनं उडी का मारली?"

'उडी' हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. तीन दिवसांपूर्वी हाच शब्द मला कुणीतरी सांगितला होता. आणि मी त्याला पाढे पाठ करायला पाठवलं होतं.

आता आधी हा शॉकअप म्हणजे काय ते समजून घेऊ. त्याचं पुस्तकी नाव शॉक अ‍ॅब्सॉर्बर. गॅरेजात मात्र सगळे शॉकअपच म्हणतात. आमच्या गाडीला मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक आहे. बाहेरून दिसते ती जाडजूड स्प्रिंग. आपल्याला वाटतं, धक्के सोसते ती स्प्रिंगच. पण ते अर्धंच खरं आहे.

स्प्रिंगचा स्वभाव फार पूर्वीच एका शास्त्रज्ञानं ओळखला होता. त्याचं नाव रॉबर्ट हूक. स्प्रिंग जेवढी ताणावी, त्या प्रमाणात तिचा ओढण्याचा जोर वाढतो, हा नियम त्यानं १६७६ साली चक्क अक्षरांचं एक कोडं करून छापला आणि १६७८ साली त्याचं उत्तर जाहीर केलं! दाबलेल्या स्प्रिंगचंही तसंच. दुप्पट दाबली, की ती दुप्पट जोरानं परत ढकलते. पण तिला एक खोड आहे. घेतलेलं सगळं ती परत करते. खड्ड्यात दबली, की उसळून वर येते, वर आली की पुन्हा खाली. नुसत्या स्प्रिंगवर बसवलेली गाडी म्हणजे उड्या मारणारं कोकरूच. आणि चाक हवेत असतं, तेवढा वेळ ना ब्रेक लागत, ना गाडी वळत. आमचं मोरीजवळ तेच झालं.

या कोकराला शांत करायला स्प्रिंगच्या आत एक नळी असते आणि तिच्यात तेल. तुम्ही रंगपंचमीला पिचकारी वापरता ना? तिचा दांडा हळू दाबला तर आरामात आत जातो. जोरात दाबायला गेलात, तर हाताला चांगलाच विरोध होतो, कारण सगळं पाणी एवढ्याशा भोकातून जायला धडपडतं. शॉकअपमध्येही असाच दट्ट्या असतो आणि त्याला बारीक भोकं असतात. चाक वर-खाली झालं, की तेलाला त्या भोकांतून इकडून तिकडे जावं लागतं. फरक एवढाच, की इथं तेल बाहेर उडत नाही, नळीतच राहतं. दाबताना वाट थोडी मोकळी आणि परतताना जास्त अडचणीची, अशी त्याची रचना असते. त्यामुळे स्प्रिंग उसळायला लागली, की तेल तिला धरून ठेवतं. मग तो धक्का जातो कुठं? त्याची उष्णता होते. खराब रस्त्यावर बराच वेळ गाडी चालली, की शॉकअपमधलं तेल गरम होतं ते त्यामुळेच.

आणि नळीच्या तोंडाशी एक रबरी कडं असतं. त्याला म्हणतात ऑइल सील. ते झिजलं, की तेल गळतं. तेल गेलं, की उरतं कोकरू!

एवढं सगळं मी नंतर शिकलो बरं का. त्या गुरुवारी रात्री मात्र मी रागावलो होतो. कुणावर? स्वतःवर. आणि रागावलेला माणूस घाई करतो. जेवणं झाल्यावर मी अंगणात दिवा लावला आणि एका बाजूचा शॉकअप सोडवला. त्याची स्प्रिंग आत दाबलेल्या अवस्थेतच बसवलेली असते आणि वरच्या टोकाला दोन अर्ध्या चकत्यांनी अडवलेली असते. मिस्त्री त्यांना 'लॉक' म्हणतात. मी स्प्रिंगला सुतळीचे वेढे दिले, गुडघ्यानं दाबली आणि स्क्रू ड्रायव्हरनं एक चकती उचकटली.

धाड्! काय झालं ते कळायच्या आत स्प्रिंग सुटली, माझ्या कानाजवळून गेली आणि ओट्यावरच्या पाण्याच्या माठाचे तुकडे झाले. घरातून सगळे धावत आले. पाच मिनिटांपूर्वी माझा मुलगा त्याच ओट्यावर बसून मला गोष्ट सांग म्हणून मागे लागला होता. त्याच्या आईनं झोपायला हाक मारली, म्हणून तो उठून गेला होता.

ती काहीच बोलली नाही. केरसुणी आणून तिनं खापऱ्या गोळा केल्या. मला वाटलं, त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या मुलाला बाजूला घेतलं. विचारायची लाज वाटत होती. वर्गात मी रोज सांगतो, "येत नसेल तर विचारा, त्यात कसली लाज?" आता कळलं, विचारणं किती अवघड असतं ते. मी म्हटलं, "अरे, तुला शॉकअपचं कुणी शिकवलं?"

"आजोबांनी. ते पुण्याला गॅरेजात मिस्त्री होते. आता घरीच असतात."

"मला शिकवतील का रे?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चेष्टा करतोय. मग हळूच म्हणाला, "विचारतो."

शनिवारी दुपारी आजोबा नातवाला घेऊन आमच्या अंगणात हजर! फुटक्या माठाची जागा बघून ते माझ्याकडं वळले.

"सर, राग मानू नका. पन स्प्रिंग म्हंजी दाव्याला बांधलेला बैल. दावं सोडायचं, तर आदी त्याच्या म्होरून बाजूला व्हावं का नको?"

"चुकलं माझं, आजोबा."

"चुकू द्या. डोळा शाबूत हाय ना? मंग झालं."

त्यांनी सोबत एक साधंसं हत्यार आणलं होतं. दोन लांब आट्यांचे बोल्ट आणि त्यांना वर-खाली लोखंडी आकडे. आकडे स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीनं, थोडेथोडे आवळत जायचं. एकच बाजू आवळली, तर स्प्रिंग तिरकी होऊन निसटते. तोंड कधीच स्प्रिंगच्या समोर आणायचं नाही. लहान मुलांनी तर लांबच थांबायचं. नातवालाही त्यांनी तुळशीवृंदावनापलीकडे उभं केलं. "पाना मागीन तवाच यायचं," अशी ताकीद देऊन.

मग कामाला सुरुवात झाली. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर उभी केली आणि मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा दिला, म्हणजे चाक एकदम खाली लोंबकळत नाही. दोन्ही शॉकअप एकाच वेळी काढायचे नाहीत. एक पुरा करायचा, मग दुसरा. सुटलेला प्रत्येक नट आणि वायसर ज्या क्रमानं निघाला, त्याच क्रमानं वर्तमानपत्रावर मांडायचा. हे काम मुलाकडे होतं. त्यानं पेन्सिलीनं प्रत्येकाशेजारी आकडे घातले. एक, दोन, तीन... गणिताच्या वहीत असं नीटनेटकं अक्षर मी कधी पाहिलं नव्हतं.

नळी उघडून उलटी केली, तर आतून काळंकुट्ट, पाण्यासारखं पातळ तेल आलं. तेही जेमतेम चहाच्या अर्ध्या कपाएवढं. "हे मातीत ओतायचं न्हाई," आजोबा म्हणाले. "हिरीचं पानी नासतं." आम्ही ते एका डब्यात साठवलं आणि नंतर जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात नेऊन दिलं.

आतला रॉड डिझेलनं धुऊन, पुसून लख्ख केला. आजोबांनी मला सांगितलं, "नखानं बगा." मी रॉडवरून नख फिरवलं. कुठं नख अडकलं, तर तिथं गंजाचा खड्डा आहे असं समजायचं. असा रॉड नव्या सीललाही थोड्याच दिवसांत कापून काढतो. आमच्या गाडीचे रॉड गुळगुळीत होते. बाबांनी गाडी सांभाळली होती ती अशी.

सील मात्र दगडासारखी कडक झाली होती. आमची गाडी बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला आहे. मग सुटा भाग मिळणार कुठं? पण सीलवर बघितलं, तर तीन आकडे कोरलेले. आतल्या भोकाचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. तुम्ही 'व्यास' शिकताना "याचा उपयोग काय?" असं विचारता ना? हा घ्या उपयोग! रविवारी सकाळी जुनी सील खिशात घालून मी एसटीनं पुण्याला गेलो आणि नाना पेठेतून त्याच मापाच्या दोन सील, नवे रबरी बूश आणि शॉकअपच्या तेलाची बाटली घेऊन आलो. इंजिनाचं तेल इथं चालत नाही. शॉकअपमध्ये त्याच्यासाठी सांगितलेलंच तेल घालायचं. जास्त घट्ट तेल घातलं, तर दट्ट्या हलत नाही आणि खड्डा थेट पाठीत बसतो.

तेल किती घालायचं? बाबांनी गाडीची पुस्तिका अजून जपून ठेवली होती. तिच्यात लिहिलं होतं, एका शॉकअपला ७० मिलिलिटर. (तुमच्या घरच्या गाडीचा आकडा वेगळा असेल, तिच्या पुस्तिकेत बघा.) आजोबांनी औषधाच्या दुकानातून सुई नसलेली १० मिलिलिटरची सिरिंज आणायला लावली होती. मुलगा ती भरून देऊ लागला. "एक... दोन... तीन..." बरोबर सात वेळा.

मी सहज म्हटलं, "बाटली ३५० मिलिलिटरची आहे. पुरेल ना रे दोन्हींना?"

तो सिरिंजवरून नजर न काढता म्हणाला, "पाच शॉकअपचं तेल आहे, सर. आपले दोन. तिघांचं उरंल."

मी गप्पच झालो. मुलांनो, तुम्हीच सांगा, ३५० भागिले ७० किती? आणि हाच मुलगा सोमवारी मला भागाकाराची कोरी वही देऊन गेला होता!

पुढचं काम सावकाशीचं होतं. सीलची ओठासारखी कड तेलाच्या बाजूला येईल अशी ती बसवायची. नळी उभीच धरायची आणि रॉड हळूहळू वर-खाली करायचा. पहिल्यांदा बुडबुड, बुडबुड असा आवाज येतो. ती आत अडकलेली हवा. हवा राहिली, तर तेलाचा फेस होतो आणि शॉकअप पुन्हा लेचापेचा. आवाज थांबला आणि रॉड वर ओढताना सगळीकडे सारखा जोर लागायला लागला, की झालं. आजोबांनी रॉड माझ्या हातात दिला. तो मधातून चमचा ओढावा तसा येत होता. मग पुन्हा ते हत्यार, पुन्हा आळीपाळीनं बोल्ट, स्प्रिंग जागेवर, लॉक जागेवर. मग दुसरा शॉकअप. दिवेलागणीला गाडी तयार!

आजोबांनी जाताना आणखी एक गोष्ट बजावली, ती पालकांनीही लक्षात ठेवावी. आमचे शॉकअप जुन्या पद्धतीचे, उघडता येणारे होते. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांचे शॉकअप कारखान्यातच बंद केलेले असतात. ते बदलायचे असतात, उघडायचे नसतात. आणि काहींमध्ये तेलाबरोबर मोठ्या दाबाखाली नायट्रोजन वायू भरलेला असतो. असा शॉकअप घरी कधीच उघडू नये. तो सुटला, तर माठावर निभावणार नाही.

मी पैशांचं विचारलं, तर आजोबा हसले. "पैसं नकोत. ह्येला तेवडा भागाकार येऊ द्या."

"आजोबा, त्याला भागाकार येतो," मी म्हटलं. "मलाच विचारता येत नव्हता."

सोमवारी मी ती तेलाची बाटली आणि सिरिंज घेऊन वर्गात गेलो. आधी सगळ्या मुलांना गुरुवारची गोष्ट सांगितली. "याने मला वेळेवर सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी," असंही सांगितलं. तो मुलगा लाजून बाकाखाली काहीतरी शोधायला लागला. मग सगळ्यांनी मिळून पाण्यावर गणितं केली. एवढ्या पाण्यात किती सिरिंज? एवढ्या सिरिंजांत किती बाटल्या? खिडकीबाहेर कुणीच बघत नव्हतं. तो एकदम शहाणा विद्यार्थी झाला, असं मात्र समजू नका हं. पाढे त्याचे अजूनही अडखळतात. पण वही आता कोरी येत नाही. चुकलेली येते. आणि चुकलेलं गणित दुरुस्त करता येतं.

त्या दिवशी शाळा सुटली. मी गाडी स्टँडवरून काढली. तो आला, काही न बोलता सीट जोरात दाबली आणि सोडली.

"एक," तो म्हणाला. मग थांबला. पुढं मोजायला काही नव्हतंच. माझा मुलगा मागे चढून बसला आणि आम्ही घरी निघालो. मोरीजवळची खडी अजून तशीच होती. मी मात्र तिथं आता सावकाश जातो.

आता तुमचा गृहपाठ. घरच्या मोटारसायकलची किंवा स्कूटरची मागची सीट दाबून बघा. मोठ्या माणसाला गाडी स्टँडवरून काढून सरळ धरायला सांगा, म्हणजे ती तुमच्या अंगावर पडणार नाही. एकदा जोरात दाबा, सोडा आणि मोजा. बाकी कशालाही हात लावायचा नाही! एक आली तर उत्तम. तीन आल्या, तर घरातल्यांना लगेच सांगा.

आणि ते म्हणाले, "तू आधी पाढे पाठ कर," तर त्यांना हा लेख वाचायला द्या.